कितीला फुटली?

पोह्यांचा पहिला घास सव्वाआठला घेतला, घड्याळ बघून. सव्वादहाला मी लॅबच्या दारात हजर. जेवणानंतरची शुगर पहिल्या घासापासून दोन तासांनी बघतात, म्हणून. माझी वरात मांडवात दीड तास उशिरा पोचली होती, पण इथं मिनिटाचा फरक नाही. आणि रक्त काढणारा पोरगा चहाला गेलेला.

"येतो पाच मिनिटांत," काउंटरवरची मुलगी मोबाइलवरची नजर न हलवता म्हणाली. मग तिला माझा सकाळचा रिपोर्ट सापडला. तो तिनं हातात द्यावा ना? नाही. आडनावासकट पुकारला. "फास्टिंग १४२!" बाहेर पानटपरीवरच्या माणसानं सुद्धा मान वळवली.

बाकड्यावर शेजारी एक मामा बसले होते. धोतर, टोपी, मांडीवर मिठाईचा पुडा. ओलं सोयाबीन घेऊन आलेल्याकडे मोंढ्यातला अडत्या बघतो तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"१४२? ही का शुगर हाय का राव? ह्याच्यासाठी सुई टोचून घेतली?"

मी म्हणालो, उपाशीपोटी १२६ च्या वर गेली की डॉक्टर मधुमेह धरतात.

"धरू द्या. मला मागच्या पोळ्याला ४१० व्हती. चारशे दहा! डॉक्टर मनला, ॲडमिट व्हा. मी मनलं, मंग बैल काय तू मिरवतो का?" मग साडू निघाला, २८० चा. मग व्याही. "त्याच्या मशीनवर तर आकडाच येईना. नुसतं 'हाय' उमटलं. त्याला वाटलं मशीन नमस्कार करायली. त्यानं बी हात जोडले."

घरच्या बऱ्याच मशिनी ६०० च्या वर आकडा सोडून 'हाय' दाखवतात. तो नमस्कार नसतो, थेट दवाखाना गाठायचा असतो. हे मी सांगायला गेलो तर मामा म्हणाले, "तुमी लै वाचता. टेन्शननं वाढायली तुमची."

समोरच्या भिंतीवर मधुमेह दिनाचं जुनं पोस्टर होतं, १४ नोव्हेंबरचं. इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगचा तो जन्मदिवस. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन. पोरांना चॉकलेट आणि आम्हाला बोटाला सुई. माझ्या नातीनं गेल्या वर्षी त्या दिवशी स्वतःचं अर्धं चॉकलेट मला आणून दिलं होतं. सुनेनं ते माझ्या हातातून काढून घेतलं, ते वेगळं. घरात सगळेच माझे डॉक्टर. शेजारच्या काकू जांभळाच्या बियांची पूड देतात, मेहुणा कारल्याच्या रसावर भाषण देतो, आणि गुळानं काही होत नाही हे तर साऱ्या गल्लीचं एकमत. अहो, गूळही उसाचाच. रक्तात गेला की तो साखरेइतकाच इमानदार.

तीन महिन्यांची शुगर सांगणाऱ्या तपासणीची मला खरी भीती वाटते. फास्टिंगला दोन दिवस भाकरी-पालेभाजी खाऊन फसवता येतं. पण लाल पेशी जवळपास १२० दिवस जगतात आणि तेवढ्या दिवसांची साखर अंगाला चिकटवून ठेवतात. तो सातबारा आहे, तलाठ्याला चहा पाजूनही बदलत नाही.

पोरगा अजून आलेला नव्हता. पंचवीस मिनिटं झाली होती. मामांनी पुडा सोडला.

"नातू झाला. घ्या. कुंथलगिरीचा हाय."

शुगरच्या लॅबमध्ये, रक्त द्यायच्या आधी, पेढा!

"मामा, माझं अजून रक्त घ्यायचंय."

"मंग घेऊ द्या की. पेढ्यात खवा असतो, साखर कुठं असती? अन् नातवाचा पेढा नाही मनू नाही."

काउंटरवरच्या मुलीनं घेतला. फास्टिंगसाठी उपाशी आलेल्या एका बाईंनी पदराला बांधला. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला, जणू त्या बाळाचं नाव ठेवायचं माझ्यामुळं अडलंय. मी खाल्ला. खरं सांगतो, चांगला होता. भाजलेल्या खव्याचा, किंचित करपट. आठ महिन्यांत पहिला.

पोरगा पावणेअकरा वाजून गेल्यावर आला, दात कोरत. रक्त काढलं आणि नळीवर पेनानं लिहिलं, 'जेवणानंतर २ तास'. मी म्हणालो, अडीच होऊन गेले. तो म्हणाला, "तेवढं चालतंय काका." चालतंय म्हणे! पैसे मोजायचे मी, आणि या आकड्यावर गोळी वाढणार माझी. दुपारी रिपोर्ट आला २३१. संध्याकाळी डॉक्टरांनी तो कागद वरून खाली, खालून वर बघितला आणि विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"पोहे," मी म्हणालो.

गोळी वाढली.

घरी येताना मोंढ्याच्या कोपऱ्यावर मामा दिसले. मुलाच्या मोटारसायकलवर मागं बसलेले, पुडा रिकामा. रस्त्यापलीकडून ओरडले, "ओऽ मास्तर! कितीला फुटली?"

मी आधी दोन बोटं दाखवली, मग तीन, मग एक.

मामांनी टोपी सारखी केली. "आता कसं!"