काकू, रात्री फोन चालू ठेवा

इंदूरच्या लोकमान्य नगरमधल्या आमच्या काकू आठवडाभर रात्री अकरा ते पाच मोबाइल बंद ठेवत होत्या. नुसता बंद नाही, पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात. परवा पहाटे काकांची शुगर एकदम खाली गेली. डबा उघडून फोन सुरू होईपर्यंत काकूंचे हात लटपटत होते.

कारण एक फॉरवर्ड. 'रात्री इंदूरवर मोबाइल नेटवर्क देणारे ड्रोन फिरणार, त्यांना जमिनीवरून किरणांनी वीज देणार. ते किरण मोबाइलवाटे शरीरात शिरतात. पक्षी मरतील. मोबाइलचे टॉवर काढून टाकणार. सर्वांना पाठवा.' सोबत मेलेल्या कबुतरांचा फोटो.

मोबाइलवाटे! मोबाइल काय नळाची तोटी आहे? किरण खरंच अंगावर पडत असतील तर फोन चालू असो की बंद, पडणारच. डब्यातला फोन वाचेल, काकू डब्याबाहेरच. आणि किरणांच्या झोतातून वीज काढायला ड्रोनच्या पोटाखाली अँटेना आणि डायोडची (विजेला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या छोट्या भागांची) खास जाळी लागते, रेक्टेना म्हणतात तिला. ती फोनमध्ये नसते.

वायरीशिवाय वीज पाठवता येते, एवढं मात्र नाइलाजाने मान्य. 1964 साली अमेरिकेत रेथिऑन कंपनीच्या विल्यम ब्राउन यांनी मायक्रोवेव्ह लहरींच्या झोतावर छोटं हेलिकॉप्टर सलग 10 तास वर ठेवलं. वर म्हणजे किती? जेमतेम पन्नास-साठ फूट! तेही भरकटू नये म्हणून दोरांच्या आधाराने. तशा झोतात उभं राहू नये, हेही खरंच. पण अंतर वाढलं की झोत पसरतो, मग ड्रोनलाच वीज पुरत नाही. म्हणून तो ड्रोनवर रोखून धरावा लागतो, अख्ख्या गावावर शिंपडत नाहीत. 2017 मध्ये मारिया वादळाने पोर्तो रिको बेटावरचे टॉवर बंद पडले, तेव्हा नेटवर्कसाठी ड्रोन चढवला होता. त्याला वीज दिली ती खालून, साध्या वायरने.

पक्ष्यांचं म्हणाल तर मेलेल्या कबुतरांचा फोटो कुठला, कधीचा, काही पत्ता नाही. टॉवर काढणार म्हणे. बॅटरीवरचा साधा ड्रोन अर्ध्या तासात खाली येतो, त्याच्या भरवशावर टॉवर कोण काढेल? शिवाय 2021 च्या नियमांप्रमाणे विमानतळापासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि आपला इंदूरचा विमानतळ काही लांब महूच्या पलीकडे नाही.

हे सगळं काकूंना सांगितलं. "तुझं बरोबर असेल रे, पण भिशीच्या ग्रुपवर सगळ्याच जणींना आलंय," म्हणाल्या. तरी फोन आता उशाशी असतो. पालथा, पण चालू.