एचडीसाठी छत्री नाही, बॉक्सच का बदलावा लागतो

सध्या फिरणाऱ्या एका निरोपात चार दावे आहेत. उपग्रह वाहिनी एचडी झाली की छत्री नवी घ्यावी लागते. जुना सेट-टॉप बॉक्स साध्या अपडेटवर चालला असता, पण मुद्दाम बाद केला जातो. एचडी म्हणजे जुनंच चित्र ताणून मोठं केलेलं. आणि पाऊस आला की एचडी आधी जातं. यातला एकही दावा जसाच्या तसा टिकत नाही.

छत्रीचं आधी उरकू. छत्री म्हणजे वाकवलेला पत्रा. लहरी एका बिंदूवर गोळा करणं एवढंच तिचं काम. त्या लहरींत किती रेघांचं चित्र आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. छत्रीसमोर बसवलेला छोटा डबा, म्हणजे एलएनबी, त्याच लहरी ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरवून केबलमधून खाली पाठवतो. फार जुना किंवा खराब एलएनबी मात्र बदलावा लागू शकतो. वाहिनी दुसऱ्या उपग्रहावर गेली तर छत्री फिरवावी लागेल, पण ती एसडीसाठीही, म्हणजे जुन्या साध्या चित्रासाठीही, फिरवावी लागली असती.

बॉक्सचं प्रकरण मात्र खोलात जाऊन पाहण्यासारखं आहे. ७२० × ५७६ या एसडी चित्राच्या बरोबर पाचपट ठिपके १९२० × १०८० मध्ये असतात. हे चित्र दाबून लहान करण्याच्या जुन्या एमपेग-२ पद्धतीने पाठवायचं तर सेकंदाला १५ ते २० मेगाबिट लागतात. उपग्रहावरून सिग्नल पाठवण्याच्या जुन्या डीव्हीबी-एस पद्धतीत एका ठरावीक ट्रान्सपॉन्डरमधून (उपग्रहावरचा सिग्नल झेलून पुढे पाठवणारा भाग) साधारण ३८ मेगाबिट जातात. म्हणजे जेमतेम दोन वाहिन्या, आणि ट्रान्सपॉन्डरचं भाडं तेवढंच. हा हिशेब कुणालाच परवडणारा नव्हता.

वाट काढली दोन गोष्टींनी. २००३ मध्ये आलेल्या एच.२६४ या चित्र दाबण्याच्या नव्या पद्धतीने एचडी वाहिनी आठ-नऊ मेगाबिटांत बसवली. २००५ च्या डीव्हीबी-एस२ या सिग्नल पाठवण्याच्या नव्या पद्धतीने त्याच ट्रान्सपॉन्डरमधून सुमारे ६१ मेगाबिट काढून दाखवले. आधी सिग्नल वाहून नेणाऱ्या लहरीच्या चार अवस्था वापरून एका चिन्हात, म्हणजे लहरीच्या एका बदलात, दोन बिट जात. आठ अवस्था वापरल्यावर तीन जाऊ लागले. अवस्था जितक्या जवळजवळ, तितक्या चुका जास्त, म्हणून चुका दुरुस्त करणारा सांकेतिक भागही बदलला. तिथे वापरलेला एलडीपीसी कोड अमेरिकी अभियंते रॉबर्ट गॅलागर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडला होता. पण ६४,८०० बिटांचा गठ्ठा पुन्हा पुन्हा तपासत सोडवणारी स्वस्त चिप यायला काही दशकं गेली.

जुन्या बॉक्समध्ये सिग्नल उलगडणारी चिप फक्त डीव्हीबी-एसची आणि चित्र उलगडणारी फक्त एमपेग-२ ची. दोन्ही कामं सिलिकॉनमध्ये कोरलेली. अपडेटने मेनू बदलतो, चिप बदलत नाही. ज्या बॉक्समध्ये नव्या चिपा आधीच आहेत, तिथे वाहिन्या पुन्हा शोधल्या की बहुधा काम भागतं.

‘मुद्दाम’ या शब्दात थोडं तथ्य आहे. एकच वाहिनी एसडी आणि एचडी अशा दोन्ही रूपांत पाठवली की ट्रान्सपॉन्डरचा खर्च दोनदा होतो. जर्मनीच्या एआरडी या सार्वजनिक प्रसारण संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये उपग्रहावरचं एसडी प्रक्षेपण थांबवलं, त्यामागे हा खर्चही होता. पैसा वाचवणं हा हेतू असू शकतो. पण त्यामुळे जुनी चिप एचडी वाचू लागत नाही.

ताणलेल्या चित्राबद्दल थोडक्यात: एचडी कॅमेऱ्यावर टिपलेला कार्यक्रम खरोखर पाचपटांपर्यंत तपशील घेऊन येतो. जुनी ध्वनिचित्रफीत दाखवताना वाहिन्या ती मोठी करतात हे खरं, पण तो दोष त्या फितीचा. कित्येकांना फरक दिसत नाही त्याचं कारण फारच साधं असतं: बॉक्स एचडी, टीव्ही एचडी, आणि दोघांमध्ये पिवळी-लाल-पांढरी वायर. पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही. तिथे एचडीएमआय लागते.

पावसाचं तेवढं अर्धं खरं. आठ अवस्थांच्या सिग्नलला सहसा थोडी जास्त ताकद लागते. नवा कोड त्यातलं बरंचसं भरून काढतो, सगळं नाही. शिवाय प्रक्षेपक दुरुस्तीचे बिट वाढवून वेग कमी करू शकतो, म्हणून सगळ्या एचडी वाहिन्या पावसात सारख्या वागत नाहीत. एसडीवर कशीबशी चालणारी, किंचित सरकलेली छत्री एचडीवर उघडी पडते. अशा वेळी ती नवी घेण्याआधी बॉक्सच्या मेनूत सिग्नलची गुणवत्ता पाहत अंशा-अंशाने फिरवून बघावी.