पझेशन कधी?

ते माझे वडील नव्हते. बार्सिलोनातल्या सग्रादा फमिलिया चर्चच्या आत त्या गाईडबाईला मला एवढंच सांगायचं होतं, पण तिचं "युवर फादर" म्हणून झालं होतं, सगळ्या ग्रुपने कानातल्या यंत्रातून ते ऐकलं होतं आणि बायको तोंड फिरवून हसत होती. मी बावन्नचा. काका फार तर पासष्टचे, तेही केस काळे केलेले!

काका सांगलीकडचे बिल्डर. सकाळी पार्क ग्वेल या टेकडीवरच्या बागेत भेटले. मी बायकोशी मराठीत करवादत होतो कारण टेकडी पायी चढलो होतो. वर ११६ नंबरची बस जाते, पण टुरिस्ट भरून जातात आणि तिथल्या म्हाताऱ्यांना जागा मिळत नाही म्हणून २०२४ साली महापालिकेने ती गुगल मॅप्सवरून काढायला लावली. म्हाताऱ्यांचं बरोबरच आहे म्हणा, पण माझे गुडघे काय कुणाचे कोण लागत नाहीत?

"पुण्याचं का?" मागून आवाज. झालं.

तिथला तो सापासारखा वळत जाणारा फुटक्या टाइल्सचा बाक, जगभरातले लोक ज्याच्यावर बसून फोटो काढतात, त्याच्यावर काकांनी बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "चायना मोझॅक. आपल्याकडं गच्चीवर वॉटरप्रूफिंगला करतोय की. फुटका माल, मजुरी तेवढी. आन् हे तिकीट लावून बसलेत." मग मीच शहाणपणा करून सांगितलं की ही मुळात बंगल्यांची स्कीम होती, साठ प्लॉट पाडले होते, घरं झाली दोनच. त्यातलं एक सॅम्पल घर, ते विकलं गेलं नाही म्हणून आर्किटेक्ट गाउदी स्वतःच १९०६ पासून तिथे राहिला. काकांचा चेहरा एकदम पडला. "बुकिंगच नाही झालं बिचाऱ्याचं," असं म्हणून ते थोडा वेळ नुसतेच समोरचं शहर बघत राहिले, म्हणजे घरातलं कुणी गेल्यासारखं.

दुपारी सग्रादाच्या ग्रुपमध्ये काका हजर. इंग्रजी कळतं त्यांना, बोलायचं नसतं. मी होतोच.

"विचारा की तिला, काम कधी सुरू झालं?" १८८२. "पझेशन कधी?" हे मी कसं विचारणार? "परवानगी हुती का?" हे मात्र विचारलं, आणि बाई खुलल्याच. हे चर्चही गाउदीचंच, त्याने १८८५ ला तेव्हाच्या गावच्या नगरपालिकेकडे अर्ज केला होता, पुढे ते गावच बार्सिलोनात विलीन झालं, आणि बांधकामाचं लायसन मिळालं २०१९ मध्ये. त्याआधी मागची भरपाई म्हणून दहा वर्षांत ३६ मिलियन युरो द्यायचे ठरले. काकांनी माझा दंड घट्ट धरला. "१३७ वर्षं! आन् आमची एक बाल्कनी बंद केली तर नोटीस!" मग एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं, मग रस्त्यापासून अंतर किती सोडलंय, मग टीडीआर, म्हणजे इथला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरणं. टीडीआरला इंग्रजीत काय म्हणतात हे मी त्या दगडी झाडांसारख्या खांबांखाली उभा राहून आठवत होतो आणि तेवढ्यात बाई म्हणाल्या, प्लीज, युवर फादर कॅन आस्क लेटर.

राग याचा नाही. म्हणजे याचाही आहे. पण पश्चिमेच्या काचांतून संध्याकाळकडे जो तांबडा-नारिंगी उजेड आत येतो, ज्याच्यासाठी तीन महिने आधी स्लॉट बघून तिकीट काढलं होतं, तो माझ्या पाठीमागे येऊन गेला. बायकोने बघितला. तिने फोटो दाखवला, त्यात उजेड आहे आणि मी टीडीआर समजावतोय.

१९२६ ला गाउदीला ट्रॅमने उडवलं, कपडे एवढे जुनाट होते की लोकांना भिकारी वाटला, तीन दिवसांत गेला, हे ऐकल्यावर काका म्हणाले, "आर्किटेक्टचं बिल थकवलं असणार." शेजारची जपानी मुलगी का रडतेय ते त्यांना कळलं नाही.

खाली म्युझियममध्ये एक मॉडेल टांगलंय. वरून दोऱ्या सोडलेल्या, त्यांना ठिकठिकाणी छोट्या पिशव्यांचं वजन, आणि खाली आरसा. लोंबणारी दोरी वजनाने जो आकार घेते तो उलटा केला की कमान, बस, गाउदीचं गणित हेच. तिथे काका गप्प झाले. चष्मा काढला, पुसला, कमरेत वाकून आरशात बघत बसले. ग्रुप पुढे गेला, बाई कानात ओरडत होती, हे हलेनात. "लोड आपली वाट आपण काढतोय बघा," एवढंच म्हणाले, आणि हे तिला सांगा असंही म्हणाले नाहीत.

म्हणून बाहेर आल्यावर बाईंच्या टिपेच्या वेळी काका म्हणाले "तुम्ही द्या, सुट्टे नाहीत, नंतर बघू," तेव्हा मी दहा युरो दोघांचे दिले. ते काही अजून आले नाहीत. कार्ड दिलंय त्यांनी. रीडेव्हलपमेंट, आरसीसी, बोअरवेल. नंबर लागत नाही.