सुरण खा काका, पण एकदा तपासून घ्या

काका, मूळव्याधीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही बरंच सुनावलंत. मी लोकांना उगाच घाबरवतो, तुम्ही सुरण, ताक आणि गरम पाण्याच्या टबावर इतकी वर्षं काढलीत, कधी फारसं दुखलंही नाही, आणि आम्ही सर्जन लोक मोड दिसला की सुरी काढतो, असं तुमचं म्हणणं.

सुरीचं आधी. मूळव्याधीच्या बहुतेक पेशंटना ऑपरेशन लागतच नाही. पालेभाज्या, सालीच्या डाळी, भरपूर पाण्याबरोबर इसबगोल, कुंथायचं नाही आणि संडासात मोबाइल घेऊन बसायचं नाही, एवढ्यावर कितीतरी जण बरे होतात. त्यानं भागलं नाही तर आतल्या मोडाला रबर बँड लावता येतो. ताकाची स्तुती चरकसंहितेच्या अर्शचिकित्सेतही आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते ‘एका इंजेक्शनात मूळव्याध गायब’ अशा पाट्यांशी. कसलं औषध टोचलं हे कोणी सांगत नाही, आणि आतली जागा भाजून आकसली की निस्तरायला पेशंट आमच्याकडे येतो.

तुमचा ‘दुखत नाही’ हा मुद्दा मात्र मला मान्य नाही. गुदद्वारापासून साधारण दोन सेंटिमीटर आत एक सीमा असते. तिच्या वरच्या अस्तराला वेदना जवळजवळ कळतच नाहीत, खालच्या त्वचेला सुई टोचली तरी कळते. म्हणून आतले मोड रक्त गाळतात, पण सहसा दुखत नाहीत. बाहेरच्या मोडात रक्ताची गुठळी झाली की जांभळट टणक गाठ येते आणि माणसाला धड बसता येत नाही. पहिले दोन-तीन दिवस जीव नकोसा होतो. ७२ तासांच्या आत आलात तर जागा बधिर करून ती काढता येते. नंतर आलात तर बहुधा हात न लावलेला बरा, आठवड्या-दोन आठवड्यांत ती आपोआप जिरते. म्हणजे सगळ्यात जास्त बोंब मारायला लावणारा मोड बऱ्याचदा सगळ्यात निरुपद्रवी असतो.

‘दुखरी मूळव्याध’ म्हणून येणाऱ्या अनेकांना खरं तर फिशर, म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेली चीर, असते: शौचाच्या वेळी काच फिरल्यासारखं होतं आणि मग तासन्‌तास आग. त्याचं औषध वेगळं. ठणका लागून ताप आला असेल तर आत पू झालेला असू शकतो, तिथे टबात बसून वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मधुमेह असेल तर अजिबातच थांबू नये. बाहेर आलेला मोड आत जाईना, किंवा रक्त थांबेना आणि चक्कर येते आहे, तर तेही त्याच दिवशीचं काम.

आता तुम्ही ओघात लिहून गेलात ते. हल्ली रक्त काळपट पडतं, दिवसातून चार-पाचदा जावं लागतं, तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही, ‘वयोमानाने व्हायचंच’. काका, तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेत मला खटकलं ते हेच वाक्य. गुदाशयातली कर्करोगाची गाठसुद्धा सुरुवातीला दुखत नाही आणि तिचंही रक्तच जातं. जुनी मूळव्याध आहे म्हणून गाठ होणार नाही असा काही नियम नाही, दोन्ही एकाच माणसात असू शकतात. तुम्हाला तसंच काही आहे, असं मी म्हणत नाही. न तपासता मला ते सांगता येणार नाही आणि तुम्हालाही नाही.

तेव्हा याच आठवड्यात जवळच्या सर्जनकडे जा, सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीतही चालेल. बोट घालून तपासतील, दुर्बिणीने बघतील, हिमोग्लोबिन करतील. तुमच्या तक्रारी बघता कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणीही सांगतील, तिला नाही म्हणू नका. लाजायचं कारण नाही, आमचा रोजचा धंदा आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी सोबत न्या. त्या आपल्या मनाने बंद मात्र करू नका.