गीझर सारखा विझायचा म्हणून वायरी जोडून टाकल्या: या कमेंटला माझं उत्तर

नमस्कार दादा, कमेंट नीट वाचली, उत्तर जरा मोठं होणार आहे कारण विषयच तसा आहे.

बाकीच्यांसाठी आधी सांगतो की दादांचं म्हणणं काय आहे. मी गॅस गीझर विझण्याची ढीगभर कारणं देतो आणि लोकांना उगाच घाबरवतो. त्यांचा फ्लॅट पुण्यात धायरीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर, गीझर बाथरूममध्ये. शॉवर घेताना चार-पाच मिनिटांत बंद पडायचा, बादली भरताना मात्र कधीच नाही. मेकॅनिक आला, 'सेन्सर खराब आहे' म्हणाला, तांब्याच्या भागावर बसवलेला एक गोल बटणासारखा पार्ट काढला आणि त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टेप गुंडाळली. तेव्हापासून गीझर एकदाही विझला नाही. आणि गीझर चालू असताना खिडकी उघडी ठेवा असं मी सांगतो, त्यावर शेवटी विचारलंय की डिसेंबरात खिडकी उघडी ठेवून अंघोळ कोण करतं.

दादा, तुम्ही वर्णन केलंय तो पार्ट म्हणजे ओव्हरहीट कट-ऑफ. ज्योत आहे का नाही हे बघणारा सेन्सर वेगळा असतो, बर्नरच्या तोंडाशी एक बारीक दांडी असते ती. कट-ऑफचं काम एवढंच की तांब्याचा हीट एक्स्चेंजर (ज्योतीच्या वरचा भाग, ज्यातून जाताना पाणी तापतं) प्रमाणाबाहेर तापला की गॅसच्या व्हॉल्व्हचा करंट तोडायचा, गार झाला की परत जोडायचा. तो काढल्यावर गीझर विझायचा थांबला याचा अर्थ तो पार्ट खराब होता असं नाही, उलट तो बहुतेक बरोबरच काम करत होता आणि तुमचा गीझर खरंच जास्त तापत होता, आणि अजूनही तापतोय, फक्त आता त्याला थांबवणारं कोणी नाही.

आता शॉवरलाच का तापतो? इथे तुम्ही स्वतःच उत्तर दिलंय, बादलीला चालतो आणि शॉवरला नाही. पाण्याचं प्रेशर टाकीच्या उंचीवर असतं, 10 मीटर उंचीला साधारण 1 बार. वरच्या मजल्याला गच्चीवरची टाकी शॉवरच्या जेमतेम 3-4 मीटर वर, म्हणजे 0.3-0.4 बार, त्यात पाइपातून आणि गीझरमधून येताना अजून कमी होतं. खालची तोटी पूर्ण सोडली की धार बरी येते, पण शॉवर उंच आणि त्याची भोकं क्षारांनी बुजलेली. आपल्याकडे खडकवासला धरणाचं पाणी तसं हलकं आहे हो, पण ज्या सोसायट्या टँकर आणि बोअरवर चालतात तिथे शॉवरच्या जाळीवर पांढरा थर बसतोच, आणि तसाच तो गीझरच्या इनलेटला, म्हणजे पाणी आत येतं तिथे, जी बारीक जाळी असते तिथेही बसतो, ती तर कोणी उघडूनही बघत नाही. मग होतं असं की पाणी कमी पण बर्नर पूर्ण पेटलेला, पाणी कडकडीत येतं, म्हणून आपण मिक्सरमधून गार पाणी वाढवतो, त्याने गरम बाजूचं पाणी अजून कमी होतं आणि एक्स्चेंजर अजून तापतो. धार फारच कमी झाली तर आतला रबरी डायफ्राम (पाण्याच्या दाबाने ढकलला जाऊन गॅस चालू ठेवणारा पडदा) सुटतो आणि ज्योत तिथेच विझते, कशीबशी टिकली तर थोड्या वेळाने कट-ऑफ उडतो. म्हणून आधी शॉवर व्हिनेगरमध्ये भिजवून साफ करा, इनलेटची जाळी धुवा, गार पाणी मिसळून भागवण्यापेक्षा गीझरवरचा गॅसचा नॉब कमी करा. एवढ्याने भागलं नाही तर सोसायटीशी बोलून वरच्या मजल्याला प्रेशर पंप. आणि एक्स्चेंजरच्या पत्र्यांमध्ये काजळी अडकली असेल तरीही असंच तापतं, ज्योत निळीच्या ऐवजी पिवळी दिसत असेल तर हेच आधी तपासायला सांगा.

ढीगभर कारणं म्हणता, ती आहेतच, पण कधी विझतो हे बघितलं की बरीच गळून पडतात. पेटून दोन-तीन सेकंदात जातो? दोन मोठे सेल बदला (ठिणगी पडते म्हणजे सेल चांगले असं नसतं, व्हॉल्व्ह धरून ठेवायलाही करंट लागतो), नाहीतर ती सेन्सरची दांडी बारीक पॉलिश पेपरने पुसा. बरोबर 20 मिनिटांनी जातो? बऱ्याच मॉडेलमध्ये तो टायमरच असतो. थंडीत सिलेंडर संपत आल्यावर ज्योत बारीक होते? गीझर तासाला पाऊण ते एक किलो गॅस खातो, एवढा गॅस भराभर बाहेर पडताना सिलेंडर गार पडतो आणि आतलं प्रेशर उतरतं, हिवाळ्यात जास्तच. आणि सोसायटीत पाइपलाइनचा गॅस आला असेल तर जुना एलपीजीचा गीझर तसाच जोडू नका, जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकं, वेगळे लागतात.

आता खिडकी. यावर मी अजिबात मागे हटणार नाही. एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण 12-13 घनमीटर हवा लागते. आपल्या फ्लॅटमधलं बाथरूम म्हणजे पाच बाय सात, उंची आठ फूट धरा, सगळी मिळून 8 घनमीटर हवा. दार-खिडकी घट्ट बंद करून 10 मिनिटं गीझर चालवला तर जवळपास 2 घनमीटर हवेतला ऑक्सिजन संपतो, म्हणजे 21 टक्क्यांवरून 16च्या आसपास, आणि तिथे पोचायच्या आधीच ज्वलन बिघडून कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. त्याला वास नसतो. सिलेंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, याला नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, पाय लटपटतात, आणि कडी आतून लावलेली असते. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात त्यातली बरीच माणसं तरुण, धडधाकट असतात. पूर्वी तुमचा गीझर चार-पाच मिनिटांत थांबायचा म्हणून तेवढाच गॅस जळायचा, आता अंघोळ संपेपर्यंत जळतोय, आणि घरात मुलं असतील तर ती शॉवरखाली किती वेळ उभी राहतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुमच्या मेकॅनिकवर माझा राग नाही, त्याला गिऱ्हाईक म्हणतं 'बंद पडायला नको' आणि तो तेवढंच करतो. पण दादा, ती टेप आजच काढून कट-ऑफ परत बसवून घ्या, आणि तोपर्यंत बादली बाहेर गरम करून न्या. नंतर गीझरच ड्राय बाल्कनीत हलवता येतो का बघा, भिंतीतून गरम पाण्याची लाइन आत आणायची, मग खिडकी बंद ठेवून खुशाल अंघोळ करा, डिसेंबर असो की जानेवारी. बाल्कनी लांब असेल तर बाथरूम ते बाल्कनी अंतर आणि गीझर किती लिटरचा आहे ते इथेच लिहा, पाइप कुठून काढायचा आणि पाणी वाटेत किती गार होईल ते मी सांगतो.