तारीख, ग्राउंड आणि लातूरकर दादांचे आक्षेप

लातूरकर दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. इंग्लंडमधल्या बायकांच्या फुटबॉल स्पर्धेवर, महिला एफए कपच्या 2020-21 च्या मोसमावर, मी लिहिलं होतं, त्यावर दादांचे तीन आक्षेप आहेत. पहिलं, फायनल 5 डिसेंबर 2021 ला झाली ती कोरोनामुळं. तिथं बायकांच्या फुटबॉलवर शंभर वर्षांपूर्वी घातलेल्या बंदीशी मी ती ओढूनताणून जोडली. दुसरं, चेल्सीसारखा पैसेवाला क्लब आर्सेनलला 3-0 नं हरवतो, त्यात एवढं काय? आणि तिसरं, इथं सोयाबीनला भाव नाही, उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, आपल्या पोरींचा खेळ खो-खो. मग जालन्यात बसून वेम्ब्लीच्या, म्हणजे फायनल झाली त्या लंडनच्या स्टेडियमच्या, गोष्टी कशाला?

पहिल्या आक्षेपात तुमचं बरोबर आहे. ‘तो दिवस मुद्दाम निवडला’ असं मी लिहिलं, ते चूक होतं. मोसम लांबला म्हणून फायनल डिसेंबरात गेली.

पण ती का लांबली, तेही बघा ना. कोरोना पुरुषांच्या कपालाही होताच. जानेवारी 2021 मध्ये पुरुषांच्या कपात मरीन नावाचा आठव्या श्रेणीतला क्लब टॉटनहॅमशी खेळला, पाच गोल खाल्ले, पण खेळला. त्याच महिन्यात बायकांचा कप बंद होता. सुरुवातीच्या फेऱ्यांत हौशी क्लब असतात म्हणून अख्ख्या स्पर्धेला वरच्या दर्जाची मानलंच नव्हतं, आणि त्या दर्जाबाहेरच्या खेळाला तेव्हा परवानगी नव्हती. 15 मे ला लेस्टरनं पुरुषांचा कप उचलला, तेव्हा बायका पाचव्या फेरीत होत्या. उपांत्यपूर्व सामने सप्टेंबरात, उपांत्य ऑक्टोबरच्या शेवटी. एका मोसमाचा कप दुसऱ्या मोसमाच्या मध्यावर संपला. विषाणू एकच होता, दादा. कुणाचं ग्राउंड चालू ठेवायचं, हे माणसांनी ठरवलं.

म्हणून मला 1921 आठवलं. 26 डिसेंबर 1920 ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा सामना बघायला 53,000 माणसं आली होती. पुरतं वर्षही झालं नाही तोच, 5 डिसेंबर 1921 ला, तिथल्या फुटबॉल असोसिएशननं ठराव केला की हा खेळ बायकांना मुळीच योग्य नाही. तरी पोरींना कुणी पकडून नेलं नाही. क्लबांना एवढंच सांगितलं की यांना तुमची ग्राउंडं देऊ नका. त्यानंतरची जवळजवळ पन्नास वर्षं बायका बागेत खेळल्या, रग्बीच्या मैदानावर खेळल्या. त्यांच्या या कपाची पहिली फायनल व्हायला 1971 साल उजाडलं.

आता माझ्या घराजवळचं सांगते. ज्या ग्राउंडवर मी सकाळी पोरींना खेळवते, तिथली माती काळी. पावसाळ्यात बुटाला शेर-शेर चिखल, मार्चनंतर पाय मुरगळेल एवढ्या भेगा. दिवाळीनंतरचे तीन-चार महिनेच काय ते खरे. यंदा नेमकं जानेवारीत टेनिस बॉल क्रिकेटच्या चषकासाठी आम्हाला ‘दहा दिवस जरा तिकडं’ व्हायला सांगितलं. दहाचे चोवीस झाले. आठवीतली एक पोरगी रोज साडेपाचला येऊन मंडपाच्या कनातीला टेकून उभी राहायची, बॉल ओढणीत बांधलेला. तिला कुणी वाईट बोललं नाही. सगळे प्रेमानंच म्हणत होते, ‘बाळा, पुढच्या आठवड्यात ये.’ तिसऱ्या आठवड्यात ती यायची थांबली. घरी जाऊन विचारलं तर आई म्हणाली, ‘मॅडम, ग्राउंडच नाही तर पोरीला अंधारात कशाला धाडू?’ यावर मी काय बोलणार होते?

खो-खोचं तुम्ही लिहिलंत, ते मनापासून मान्य. धाराशिवच्या सारिका काळेला 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा मी शाळेत पेढे वाटले होते. पण खो-खोला 27 बाय 16 मीटरची जागा पुरते, पटांगणाच्या एका कडेला भागतं. फुटबॉलला अख्खं ग्राउंड लागतं. कडेला खेळणाऱ्या पोरींचं कौतुक होतं आणि अख्खं ग्राउंड मागणाऱ्या डोळ्यांवर येतात. मी फुटबॉलवर लिहिते ते यासाठीच.

देशातल्या फुटबॉलवर लिहा म्हणालात. लिहिणार आहे. आपल्या वरिष्ठ महिला राष्ट्रीय स्पर्धेच्या चषकाला राजमाता जिजाबाईंचं नाव आहे. त्यांचं सिंदखेडराजा जालन्याहून तासाभरावर, आणि ती स्पर्धा वीसपेक्षा जास्त वेळा जिंकलं मणिपूर. असं का, यावर वेगळा लेख हवा.

राहिला चेल्सीचा पैसा. क्लब श्रीमंत आहे, खरंच आहे. पण त्या मोसमात बायकांचा कप जिंकणाऱ्याला 25 हजार पौंड होते, पुरुषांचा जिंकणाऱ्याला 18 लाख. आणि फायनलच्या तिसऱ्याच मिनिटाला पहिला गोल मारणारी फ्रॅन कर्बी दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या आवरणाला सूज आली म्हणून कित्येक महिने खेळाबाहेर होती. पुढचे दोन गोल सॅम करचे. 40,942 लोकांसमोर एकतर्फी सामना झाला, हे तुमचं म्हणणं मी खोडत नाही. मला तो तरीही बघावासा वाटला आणि पोरींनाही मोबाइलवर दाखवला.

मूळ लेखातलं वाक्य आजच बदललं आहे. ‘तो दिवस मुद्दाम निवडला’ हे काढलं. आता तिथं आहे: ‘पुरुषांचा कप चालू ठेवून बायकांचा थांबवला, म्हणून फायनल लांबली आणि बंदीला शंभर वर्षं झाली त्या दिवशी आली.’ खाली तुमचं नाव घालून दुरुस्तीची नोंदही केली आहे.