अंगण वाकडंच येऊ द्या

नवा कॅमेरा घेतलात? अभिनंदन. आता पहिलं काम म्हणजे सोबत आलेली माहितीपुस्तिका पिशवीतून बाहेरच काढू नका. वर्षभराने कॅमेरा विकायला काढाल तेव्हा ‘पुस्तिका कोरी करकरीत’ असं छातीठोकपणे लिहिता येईल.

‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण इतरांच्या बाबतीत टोमणा असते. आपल्या बाबतीत ती साधी वस्तुस्थिती आहे, कारण आपल्या फोटोत अंगण खरोखरच वाकडं येतं. समुद्र तर असा कलतो की पाणी उजव्या कोपऱ्यातून सांडेल की काय, अशी धास्ती वाटावी. क्षितिज सरळ धरता यावं म्हणून कॅमेऱ्याच्या पडद्यावर जाळीच्या रेषा दाखवायची सोय असते. ती बंदच ठेवा. कुणी विचारलंच तर शांतपणे म्हणा, “मुद्दाम आहे.” हे दोन शब्द पाठ करून टाका, जन्मभर पुरतील.

पहिल्या आठवड्यातच सोबतच्या १८-५५ लेन्सला नावं ठेवायला सुरुवात करा. फोटो हलला, लेन्स खराब. अंधारा आला, लेन्स खराब. डोळे मिटलेले आले, तरी लेन्सच. विख्यात फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातलं बहुतेक काम एका छोट्या लाइका कॅमेऱ्यावर आणि ५० मिलिमीटरच्या लेन्सवर केलं, असं कुणीतरी ऐकवेल. ऐकून घ्या. त्या बिचाऱ्यांना रात्री दोन वाजता लेन्सचे तुलनात्मक व्हिडिओ बघायची सोय नव्हती. वेळ जायला म्हणून फोटो काढत बसले.

मग एफ १.८ ची लेन्स घ्याच (एफचा आकडा जितका लहान, तितकं उजेड आत घेणारं भोक मोठं), आणि घेतल्यावर ती १.८ वरून हलवू नका. इतके पैसे काय २.८ साठी मोजले? मागचं सगळं धूसर झालं की फोटो प्रोफेशनल होतो, हे सर्वमान्य आहे. जवळून चेहरा टिपाल तर एक डोळा लख्ख आणि दुसरा धुक्यात जाईल. (मुद्दाम आहे.) खरी मजा ग्रुप फोटोत. पुढची रांग स्वच्छ आणि मागच्या रांगेतल्यांनी स्वतःला कपड्यांच्या रंगावरून शोधायचं. एफ ८ वर सगळे स्पष्ट आले असते, पण सगळे स्पष्ट दिसले की कुणाचं तरी पोट सुटल्याचंही स्पष्ट दिसतं. तुम्ही नाती जपताय.

शटर किती वेळ उघडं ठेवायचं, याचं गणित रटाळ आहे. हातात धरून फोटो काढताना ५० मिलिमीटरच्या लेन्सला निदान १/५० सेकंद ठेवावं, धावत्या पोरांसाठी १/५०० च्या आसपास, वगैरे. तुम्ही १/८ वर ठेवा आणि पोरांना ओरडा, “हलू नका!” याला ऐतिहासिक आधार आहे. फोटोग्राफीच्या आद्य जनकांपैकी एक असलेल्या दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो काढला. प्लेटवर उजेड पडू द्यायलाच काही मिनिटं लागली, तेवढ्यात सगळी रहदारी पुसली गेली आणि ठळक उरला तो बूट पॉलिश करून घेत उभा राहिलेला एक माणूस. तेव्हा फोटोत यायचं असेल तर स्थिर उभं राहावं, ही अपेक्षा जुनीच आहे. पोरांना ती कळत नाही, हा संस्कारांचा प्रश्न.

पांढऱ्या मांजराचा फोटो काढलात तर ते करडं येईल. काळ्या मांजराचा काढलात तर तेही करडं. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचं सगळं सरासरी मध्यम करडं आहे असं धरून चालतो. त्याची समजूत घालायला अधिक-उणे लिहिलेलं एक बटण असतं. पांढऱ्यासाठी अधिककडे, काळ्यासाठी उण्याकडे. पण आपण कशाला मध्ये पडा? दुसरं मांजर आणा.

उजेडाच्या तर नादीच लागू नका. सकाळी लवकर आणि सूर्यास्ताच्या आधी ऊन मऊ असतं म्हणतात. त्या वेळी तुम्ही अनुक्रमे झोपलेले आणि लेन्सचे व्हिडिओ बघत असता. भर दुपारी बाहेर पडा. डोळ्यांच्या खोबणीत अशा काळ्या सावल्या पडतील की सुखी माणूसही चिंतनशील दिसेल. घरात असाल तर माणसाला खिडकीकडे पाठ करून बसवा. खिडकीकडे तोंड केलं तर चेहरा चांगला दिसेल आणि श्रेय खिडकीला जाईल.

पौर्णिमेला चंद्रावर फ्लॅश मारायला विसरू नका. कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशची मजल काही मीटरची, चंद्र ३,८४,००० किलोमीटरवर. उजेडाला नुसतं तिथे पोहोचायलाच सव्वा सेकंद लागतो, तोवर तुमचं शटर बंद होऊन तुम्ही पडद्यावरचा पांढरा ठिपका झूम करून बघत असाल. चंद्रावर आधीच भरदिवसाचं ऊन पडलेलं असतं, त्यामुळे एफ ११, आयएसओ (म्हणजे उजेडाची संवेदनशीलता) १००, शटर १/१२५ सेकंद एवढ्यात काम भागतं, ही माहिती मी देतोय ती केवळ तुम्ही ती वापरणार नाही याची खात्री आहे म्हणून.

शेवटचं काम एडिटिंगचं, आणि ते कधीच संपवायचं नाही. आजीच्या नव्वदाव्या वाढदिवसाचे साडेआठशे फोटो ‘नंतर बघू’ या फोल्डरमध्ये घाला. आत्याने मागितले तर “रॉमध्ये आहेत” (म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फायलींत) म्हणा. ती घाबरून गप्प बसेल. एक्क्याण्णवाव्या वाढदिवसाला पुन्हा मागेल, तेव्हा “कलर बघतोय” म्हणा. तोवर पुतणीने जुन्या फोनवर, खिडकीपाशी हसणाऱ्या आजीचा टिपलेला फोटो चौकटीत बसून दिवाणखान्यात लागलेला असेल. खिळा जरा तिरका बसला असेल, तर तेवढी चौकट उठून सरळ करा.